करकोच्याचा चावा

माझ्या डाव्या कानाखालून गालावर आणि तिथून मानेपर्यंत उतरलेला एक गडद लाल डाग आहे. जन्मापासूनचा. शाळेच्या फॉर्मवर ओळखखुणेचा रकाना असायचा, तेव्हा वर्गातल्या मुली आपल्या हातापायांवर तीळ शोधत बसायच्या. माझा रकाना टीचर माझ्याकडे न बघताच भरून टाकायच्या आणि त्यानंतर दिवसभर माझ्याशी जरा जास्तच गोड वागायच्या.

घरी त्याला शब्दच नव्हता. आई म्हणायची, "केस पुढे घे." त्यात सगळं आलं. शाळेत 'बर्थमार्क' हा शब्द मिळाला, पण इंग्रजीत ती गोष्ट दुसऱ्याच कुठल्यातरी मुलीची वाटायची. मराठी शब्द मला चोविसाव्या वर्षी कळला, तोही दादाच्या सासूबाईंकडून.

वहिनीला सातवा महिना लागला आणि तिचं बीपी वाढायला लागलं. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे लासलगावजवळच्या तिच्या गावी व्हायचं ठरलं होतं. पण डॉक्टरांनी नाशिक सोडू नका म्हणून सांगितलं. मग माहेरच आमच्या घरी आलं. वहिनीची आई एक ट्रंक, डिंकाच्या लाडवांचा डबा आणि गोंडस बाळांचे फोटो असलेलं एक कॅलेंडर घेऊन उतरली. मी त्यांना मावशी म्हणते. लग्नात मी केस पुढे घेऊन फोटोंना उभी राहिले होते, त्यामुळे मावशींनी मला नीट पाहिलं ते त्या दिवशी, मी पाणी द्यायला गेले तेव्हा.

"हे भाजलं व्हतं का गं, का लासं हाय?"

"लासं म्हणजे?"

"जल्माचं असतं ते. आईच्या पोटातून येतं." मग आईकडे वळून म्हणाल्या, "विहीणबाई, पोरीला लासं म्हणजे काय ते ठाव नाय. इंग्लिश शाळेत घातली का असं व्हतं."

आई कसनुशी हसली. मला मात्र तो शब्द आवडला. छोटा, घरातला वाटणारा. खोलीत जाऊन मी तो एकदा मोठ्याने म्हणूनही पाहिला.

कॅलेंडर वहिनीच्या पलंगासमोर लागलं. गर्भार बाईच्या नजरेला जे रोज पडतं ते पोटातल्या बाळावर उतरतं, अशी मावशींची खात्री होती. तिसऱ्या दिवशी त्या माझ्या खोलीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. हातात लसणाची वाटी होती. पाकळ्या सोलत सोलत म्हणाल्या, "माय, वाईट वाटून घेऊ नको. सकाळी उठल्या उठल्या हिच्या म्होरं तेवढी येत जाऊ नको. तिचा चहा झाला का मग ये. दोन-तीन महिन्यांचा तर प्रश्न हाय."

मी म्हटलं, "बरं."

रागावता आलं असतं. पण त्या इतक्या अवघडून उभ्या होत्या की मलाच त्यांना मोकळं करावंसं वाटलं. दुसऱ्या दिवसापासून मी जागी झाले तरी दार लावून बसायला लागले. बाहेर मिक्सर लागायचा, बाबांचा रेडिओ लागायचा, दादा अंबडच्या कंपनीत पहिल्या पाळीला जाताना गाडीला किक मारायचा. मग कपबशीचा आवाज. कप बशीत उलटा ठेवायची वहिनीला सवय आहे, त्याचा एक वेगळा टक्‌ असा आवाज होतो. तो ऐकला की मी बाहेर यायचे. माझं काम घरूनच असतं, लोकांच्या तक्रारींना इंग्रजीत उत्तरं लिहायची. कॅमेरा बंद ठेवता येतो म्हणूनच मी ती नोकरी धरली आहे. त्यामुळे मी खोलीत असते याचं कुणाला काही वाटलं नाही. तीन महिने कुणाच्या लक्षातही आलं नाही.

मुलगी झाली. दवाखान्यात सगळे तिच्याभोवती जमले, नाक कुणाचं, हनुवटी कुणाची यावर बोलणी सुरू झाली. मी मागे उभी राहून तिची कातडी बघत होते. मला दुसरं काही बघताच येत नाही. कुणीही नवीन माणूस आलं की मी आधी त्याच्या चेहऱ्यावरचे डाग, व्रण, पुटकुळ्या बघते. लोक माझ्याकडे बघतात तसंच. तिच्या नाकावर मोहरीपेक्षाही बारीक पांढरे ठिपके होते. मनगटाजवळची कातडी कागदासारखी सुटत होती. नर्सने दुपटं बदलायला तिला पालथं केलं तेव्हा कमरेखाली शाई सांडल्यासारखा एक निळसर डाग दिसला.

"पडली का काय ही?" आई घाबरून म्हणाली.

"पडत नाय हो," मावशी म्हणाल्या. "इकडं यायला तयार नसंल. मागून कुणीतरी ढकलून दिलीय."

नर्स हसली. "निळा डाग पुष्कळ बाळांना असतो. जातो तो." तिने बाळाला सरळ केलं. बाळ रडायला लागलं आणि रडता रडता तिच्या दोन भुवयांच्या मधून कपाळावर एक लाल डाग उमटत गेला, खाली निमुळता, वर पसरलेला. दोन्ही पापण्यांवरही लाली. नर्सने टोपडं बांधायला मान उचलली, तर मानेवरही तसाच. तिने डोकं वर केलं, माझ्याकडे पाहिलं आणि अगदी सहज म्हणाली, "आत्यावर गेली वाटतं."

वहिनीने तोंड भिंतीकडे वळवलं. आईने पुढे होऊन टोपडं बाळाच्या भुवयांपर्यंत खाली ओढलं. तेच हात, तीच घाई. फक्त माझ्या वेळी केस होते. मावशींनी माझ्याकडे पाहिलं नाही, म्हणजे त्या काय विचार करत होत्या ते मला कळलं. मी तीन महिने दार लावून बसले होते, तरीसुद्धा.

मी हे कुणाला सांगितलेलं नाही, पण मला त्या वेळी आनंद झाला होता. वाईट वाटायला हवं होतं, आणि वाटलंही. पण त्याच्या आधी, क्षणभर आधी, माझ्या मनात आलं होतं, या घरात आता आम्ही दोघी आहोत. ती मोठी होईल तेव्हा मी तिला सांगेन, कुठल्या बाजूला बसायचं, फोटोत कुठे उभं राहायचं, बसमध्ये बाया विचारतात तेव्हा काय उत्तर द्यायचं. मला येत असलेल्या या एवढ्याच गोष्टी आहेत आणि आजवर त्या कुणाच्या उपयोगाच्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी बाळाच्या अंगावर लाल चट्टे उठले, मध्ये पिवळट टोकं. मावशींनी हळद आणि साय कालवून आणली. तेवढ्यात लहान मुलांचे डॉक्टर आले. त्यांनी वाटी शांतपणे बाजूला ठेवायला लावली. पुरळ दोन-चार दिवसांत जाईल, नाकावरचे पांढरे ठिपके खरवडू नका, काही चोळू नका, काही लावू नका. मग कपाळावरच्या डागावर त्यांनी अंगठा दाबला. डाग फिका पडला. अंगठा उचलला, परत लाल झाला.

"स्टॉर्क बाईट. काही नाही. कपाळावरचा वर्ष-दीड वर्षात जाईल. रडताना जास्त दिसेल. मानेवरचा राहिला तर राहील, केसांखाली कोण बघतंय." ते मला म्हणाले, "तुम्ही समजावून सांगा यांना." मग आवाज खाली आणून, इतरांना कळू नये म्हणून इंग्रजीत म्हणाले की माझ्या डागाचा प्रकार वेगळा आहे, हे मला माहीत असेलच.

मला माहीत नव्हतं. मी मान डोलावली.

ते गेले तोवर मावशींनी बाळाला वहिनीकडे देऊन गादी उलटी केली होती.

"मावशी, काय शोधताय?"

"बाईट म्हणले ना ते? बाईट म्हणजे चावा, एवढं येतंय मला. ढेकूण हायेत का काय या दवाखान्यात? येवढी फी घेत्यात."

"ढेकूण नाही हो. स्टॉर्क. म्हणजे..." मला शब्द आठवेना. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते, आणि तसं बघितलं की आठवलेलंही मी विसरते. "करकोचा. करकोचा चावलाय."

मावशींच्या हातातली उशी तशीच राहिली.

"करकोचा? पक्षी?"

"हो."

"या तिसऱ्या मजल्यावर?"

वहिनी पहिल्यांदा हसली. टाक्यांवर हात धरून हसली. मी घाईघाईने सांगायला लागले की तिकडच्या लोकांत तशी गोष्ट आहे, करकोचा बाळाला चोचीत धरून आणतो आणि आईबापांच्या दारात ठेवतो, चोच लागते तिथे लाल होतं. मराठीत सांगताना ती गोष्ट फारच खुळी वाटत होती. पण मावशी मन लावून ऐकत होत्या.

"म्हणजे आपल्या नांदूरच्या धरणावर येत्यात ते? लांब पायाचे?"

"तेच."

"मग बराबर हाय," त्या म्हणाल्या. "आमच्या शिवारावरूनच येत्यात ते. तरी म्हणलं, लासलगावची गाडी चुकून पोर नाशकात कसं उतरलं."

झालं. संध्याकाळपर्यंत दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येकाला ती गोष्ट सांगून झाली. शेजारच्या खाटेवरची बाई आपल्या बाळाची मान वळवून करकोचा शोधत होती. बाबा फोनवर कुणाला तरी सांगत होते, "अहो, इंग्लिश मीडियमचा फायदा आहे हा." आईने टोपडं परत वर सरकवलं. आता झाकायचं कारण उरलं नव्हतं, उलट दाखवायला एक गोष्ट मिळाली होती. आत्यावर गेली, असं पुन्हा कुणी म्हटलं नाही.

माझ्यावरचा ठपका गेला. मीच माझ्या तोंडाने तो करकोच्यावर ढकलला होता, आणि सगळ्यांनी मला त्याबद्दल शाबासकी दिली. रात्रीसाठी मावशी तिथे थांबणार होत्या. मी घरी आले, बाथरूमच्या आरशासमोर उभी राहिले आणि माझ्या गालावर अंगठा दाबला. डाग फिका पडला. अंगठा उचलला, परत लाल झाला. मला तरी काही वेगळं दिसलं नाही.

बारशाला नाव आत्याने ठेवायचं असतं. बाळाच्या कानात कुर्र करून नाव सांगायचं आणि मागून बायकांचे धपाटे खायचे. दादाला बहीण मी एकटीच, पण बारशाच्या दोन दिवस आधी नांदगावच्या चुलत बहिणीला आग्रहाचा फोन गेला होता हे मला ऐकू आलं होतं. म्हणून मी आधीच ठरवलं होतं की स्वयंपाकघरात पानं घेत राहायचं. कुणाला बोलायची वेळ आणायची नाही, हे मला चांगलं जमतं.

पाळण्याभोवती बायका जमल्या आणि मावशींची हाक आली, "आत्याबाई कुठं हायेत? ये गं माय. त्या करकोच्याची भाषा तुलाच येती."

सगळ्या हसल्या. मी ओले हात पुसत गेले. मला बोलावलं होतं ते दुभाषी म्हणून, हे मला कळत होतं. तरी मी गेले. पाळण्यात वाकले तेव्हा माझे केस पुढे आले आणि आम्हा दोघींचे चेहरे त्यांच्या आड झाले. आत अत्तराचा आणि दुधाचा वास होता. मी ठरलेलं नाव तिच्या कानात सांगितलं. मग पाठीवर धपाटे पडायला लागले आणि त्या गोंधळात मी आणखी एक शब्द सांगितला.

"ठेव."

डाग ठेव, जाऊ देऊ नको. तेरा दिवसांच्या मुलीच्या कानात मी हे सांगितलं. तिच्या कपाळासाठी सगळं घर देवाला हात जोडत होतं आणि मी आत वाकून उलटं मागत होते.

मावशी दीड महिन्यांनी गावी गेल्या. दादा कामावर, आई मंदिरात किंवा भाजीला, वहिनी अंघोळीला, अशा वेळी बाळ माझ्याकडे असायचं. चौथ्या महिन्यापर्यंत पापण्या स्वच्छ झाल्या. कपाळावरचा डागही शांत असताना दिसेनासा झाला. पण डॉक्टर म्हणाले होते तसं, रडली की दिसायचा. आधी ओठ वाकडे व्हायचे, मग चेहरा लाल, आणि त्या लालीतून तो हळूहळू वर यायचा, ओळखीच्या माणसाने दार उघडावं तसा.

ती रडायला लागली की मी लगेच उचलायचे नाही. दोन सेकंद, तीन सेकंद, थांबायचे. उमटला की उचलायचे. इतर सगळे तिला हसवायला धडपडत होते, आणि मी त्या दोन-तीन सेकंदांसाठी दिवसभर वाट बघायचे. त्याने तिचं काही बिघडलं नसेल. पण मी कशासाठी थांबत होते हे मला माहीत होतं, म्हणून ती शांत झाली तरी मला तिच्या डोळ्यांकडे बघवायचं नाही.

ती सात महिन्यांची असताना एकदा अशीच रडली. मी पाळण्याच्या कठड्यावर हात ठेवून उभी होते. मोजत होते बहुतेक. मागे ओल्या केसांना टॉवेल बांधून वहिनी दारात उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे.

मी झटकन बाळाला उचललं.

वहिनी जवळ आली. तिने बाळाच्या कपाळावरून बोट फिरवलं.

"दिसतं का गं अजून?" तिने विचारलं. "मी पण बघते. रोज. ती रडली की आधी तेच बघते, मग घेते. कसली आई मी."

ती डाग जायची वाट बघत थांबत होती, मी राहायची. तिला वाटलं, आम्ही दोघी एकच काहीतरी करतोय. मी तिचा गैरसमज दूर केला नाही.

थोड्या वेळाने, टॉवेल सोडत, माझ्याकडे पाठ करून ती म्हणाली, "माझ्या आईने तुला सकाळचं बाहेर येऊ नको सांगितलं होतं ना. मला ऐकू आलं होतं तेव्हा."

"हं."

"मला काही बोलता आलं नाही. वाटलं, खरंच काही झालं तर."

"चालतं गं."

"नाही चालत," ती म्हणाली आणि केस झटकायला लागली. पाण्याचे थेंब माझ्या हातावर उडाले. त्यानंतर आम्ही दोघी त्याबद्दल कधी बोललो नाही. पण दुसऱ्या दिवशी तिने माझ्या दारावर टकटक केली. तिचा चहा व्हायचा होता. हातात दोन कप होते.

वर्षाच्या आत जावळ काढलं. मामाच्या मांडीवर बसवून न्हाव्याने समोरून सुरुवात केली. कपाळ उघडं पडलं. गोरं, कोरं; ती जिवाच्या आकांताने रडत होती तरी तिथे काही उमटलं नाही. "गेलं की हो पार," आई म्हणाली आणि तिने हात जोडले. मावशींनी पदराने डोळे पुसले. मी मागच्या बाजूला दुपटं धरून उभी होते, पडणारे केस झेलायला. ते अंगठ्याएवढे मऊ झुपके दुपट्यात पडत होते आणि मला वाटत होतं, सगळं संपलं. माझं सोडून सगळ्यांचं भलं झालं, आणि डाग जाऊ नये असं एकट्या मलाच वाटत होतं. आता ती या घरातल्या इतरांसारखी झाली.

मग वस्तरा मागे आला. केसांच्या कडेखाली, मानेच्या खोबणीत, तो होता. वाटाण्याएवढ्या दोन पाकळ्या आणि वर एक लांबट रेघ. रडण्याने लालबुंद झालेला.

न्हावी थांबला. "लागलं नाही हां ताई. वस्तरा लागला नाही माझा."

"नाही, नाही," मी म्हटलं. "ते तिचंच आहे."

मावशी मागे येऊन वाकल्या. "इथंच धरलं व्हतं त्यानं," त्या म्हणाल्या. "जोरात धरलं असंल. पडू नाय म्हणून." पुन्हा हशा झाला. आई टोपडं घेऊन आली. तिचे हात आपोआप मानेकडे गेले. वहिनीने ते टोपडं तिच्या हातातून घेतलं आणि बाजूला ठेवलं. "राहू द्या आई. उकडतंय तिला." बोलताना ती आईकडे बघत होती, पण सांगत मला होती, असं मी धरून चालले आहे.

या गोष्टीला दीड महिना झाला. तिचे केस परत यायला लागले आहेत, मुलायम, ब्रशसारखे उभे. आणखी काही आठवड्यांनी मान झाकली जाईल आणि ती शाळेच्या फॉर्मवर तीळ शोधत बसेल. आपल्या पाठीमागे काय आहे हे तिला कुणी सांगितल्याशिवाय कळणारही नाही. मी सांगेन की नाही, ते मला आज माहीत नाही. मी तेव्हा तिच्या कानात जे बोलले ते तिने अर्धं ऐकलं, असंही मला म्हणायचं नाही. मानेवरचा राहू शकतो, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं.

संध्याकाळी काम संपलं की मी तिला गच्चीवर नेते. तिकडे अंबडच्या कारखान्यांचे दिवे लागतात. तिला डाव्या खांद्यावर घेते. ती पेंगायला लागली की डोकं पलीकडे वळवून झोपते, आणि तिची उघडी मान माझ्या गालाला टेकते. गच्चीवर दुसरं कुणी नसतं. मी केस मागे बांधून जाते.